तणनाशकाने नासलेली जमीन

तणनाशकाचे काम तण मारले की संपते, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात काही तणनाशके पीक निघाल्यावरही मातीत राहतात आणि पुढल्या हंगामात भलत्याच पिकाचा बळी घेतात. ब्राझीलमध्ये कापूस व उसाच्या शेतांत ट्रायफ्लॉक्सिसल्फ्युरॉन वापरल्यानंतर पेरलेला घेवडा खुरटू लागला. घेवडा हे तेथील गोरगरिबांचे रोजचे अन्न. तेव्हा हे नुकसान शेतापुरते राहणारे नव्हते.

मिनास जेराइस प्रांतातील व्हिसोसा विद्यापीठाच्या संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात त्यावर वनस्पतींचाच उपाय योजून पाहिला. अशा मातीत आधी अबईच्या कुळातील एक पीक किंवा खाजकुयलीची लागवडीची जात वाढविली, तर मागून पेरलेला घेवडा बराच सुधारतो, असे त्यांना आढळले. कुरणांवर फवारल्या जाणाऱ्या पिक्लोरॅमसाठी ब्राझीलमध्ये उपयोगी ठरलेले पीक तर आपल्या ओळखीचेच आहे. ते म्हणजे नाचणी! रुंद पानांच्या वनस्पतींना मारणारे हे विष तृणकुळातील नाचणी सोसते.

मुळे हे द्रव्य शोषून घेतात. मका ॲट्राझीनचे करतो तसे काही वनस्पती त्याचे पेशींतच निरुपद्रवी संयुग बनवितात. शिवाय मुळांतून पाझरणाऱ्या शर्करा व आम्लांवर जिवाणू पोसतात आणि त्यांतील काही तणनाशकाचे विघटन करतात. परंतु वनस्पतीने विष केवळ साठविले असेल, तर ते पीक फुलोऱ्यात गाडणे म्हणजे विष पुन्हा मातीच्या स्वाधीन करणे होय. ब्रिटनमध्ये २००८ साली अमिनोपायरॅलिड फवारलेल्या कुरणांच्या चाऱ्यातून ते शेणखतात उतरले आणि परसबागांतील टोमॅटो-बटाट्यांची पाने आकसून गेली. जनावराच्या पोटातून आणि खताच्या ढिगातून जाऊनही ते टिकले होते! अशा शेतातील पीक कापून बाहेर काढावे लागते, आणि ते गोठ्यातही जाऊ देता येत नाही.

महाराष्ट्रात ताग-धैंचा गाडण्याची प्रथा जुनी आहे आणि उसात ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन वापरात आहेत. म्हणून ताग पेरला की जमीन शुद्ध झाली, असे सांगणे घाईचे ठरेल. द्रव्य कोणते आणि ते कोणत्या पिकाला सोसवते, हे आधी ठरले पाहिजे. संशयित माती व बांधावरची स्वच्छ माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून दोहोंत काकडीचे बी रुजवावे. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. ही परीक्षा कोणालाही परवडेल. एक हंगाम उत्पन्नावाचून जाऊ देणे मात्र, विशेषतः खंडाने जमीन कसणाऱ्याला, परवडणारे नाही. तो भुर्दंड त्याच्या एकट्याच्या माथी का यावा? पुढील पिकाला असलेला धोका डब्यावर मराठीत, डोळ्यांत भरेल अशा अक्षरांत छापणे, एवढे तरी विकणाऱ्यांकडून व्हावयास हवे.