तंजावरची ‘स्त्रीधर्मपद्धति’ व तिचें प्रामाण्य

धर्मशास्त्रविषयक पोथ्यांचीं सूचिपत्रें चाळतांना आचार, श्राद्ध, दान, प्रायश्चित्त या विषयांवरील ग्रंथांची दाटी आढळते. केवळ स्त्रियांच्या आचारास वाहिलेला स्वतंत्र ग्रंथ मात्र क्वचित्. त्र्यंबकयज्वन् याची संस्कृत ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा तसा एक ग्रंथ होय. तो अठराव्या शतकांत, भोसले राजांच्या अमदानींत, तंजावर येथें रचला गेला. म्हणून मराठ्यांच्या इतिहासाशीं त्याचा संबंध पोहोंचतो. ज्युलिया लेस्ली या विदुषीनें १९८९ सालीं त्याचें सविस्तर विवेचन इंग्रजींत प्रसिद्ध केलें.

ग्रंथाचा मोठा भाग दिनचर्येचा आहे. पतीच्या आधीं उठणें, सडासारवण, उंबरठ्याची पूजा, गाईंची व्यवस्था, स्नान, तिलक, सूर्यास वंदन, वडिलांस नमस्कार, पाकसिद्धि, अतिथींस व घरच्यांस वाढणें, मग स्वतःचें भोजन, आणि रात्रीं निजेपर्यंतचीं कृत्यें असा हा क्रम आहे. याचें मूळ मनूच्या दुसऱ्या अध्यायांतील ६७ व्या श्लोकांत सांपडतें. विवाह हेंच स्त्रीचें उपनयन, पतिसेवा हा गुरुकुलवास व गृहकृत्य ही अग्निपरिचर्या, असें तेथें म्हटलें आहे. एवढें मान्य केलें कीं केरवारा हेंही कर्मकांड ठरतें, आणि त्यांत झालेली कुचराई केवळ आळस न राहतां अधर्म होतो. ग्रंथकाराची सारी बळकटी या एका समीकरणांत आहे.

आतां प्रश्न असा कीं, हा ग्रंथ त्या काळच्या स्त्रीजीवनाचा पुरावा म्हणून कितपत घ्यावा? जप, तप, तीर्थयात्रा, संन्यास, मंत्रसाधन व देवताराधन या सहा गोष्टींनीं स्त्री पतित होते, असें एक स्मृतिवचन निबंधकार आधारास घेतात. परंतु सतराव्या शतकांतच बहिणाबाईनें (१६२८–१७००) पतीचा रोष पत्करून तुकोबांस गुरु मानिलें व तो सारा वृत्तांत स्वतःच अभंगांत सांगितला. वेणाबाई ही विधवा समर्थसंप्रदायांत मिरजेच्या मठाची अधिकारी झाली. खुद्द तंजावरास १७३७ च्या सुमारास दुसऱ्या एकोजीची विधवा सुजानबाई राज्यावर होती. स्त्रीस स्वातंत्र्य नाहीं हें वचन आणि ही राणी, दोन्ही एकाच नगरांतलीं!

यावरून ‘निषेध आहे, अर्थात् प्रचार होता’ असें अनुमान काढण्याचा मोह होतो. तें सरसकट खरें नव्हे. निबंधकार शेंकडों वर्षांपूर्वींचीं वचनें परंपरेनें उतरून घेतात. तेवढ्यानें त्यांच्या वेळची रीत सिद्ध होत नाहीं. ग्रंथकार नुसतें वचन देऊन पुढें जातो कीं स्वतःच्या शब्दांत शंका उपस्थित करून समाधान करीत बसतो, हें पाहिलें पाहिजे. जेथें तो वाद घालतो, तेथें समोर कोणी वाद घालणारें होतें असें समजण्यास अधिक आधार आहे.

दुसरेंही एक ध्यानांत घ्यावें. ग्रंथ संस्कृतांत, ज्यांच्यासाठीं तो रचला त्यांतील बहुतेकींस तो वाचतां येत नसावा. पुराणिकाच्या अथवा घरच्या पुरुषांच्या मुखेंच तो त्यांस कळत असेल. त्या श्रोत्रींनीं त्याचें काय केलें, तें पोथी सांगत नाहीं. तें कळावयाचें तर ओव्या, व्रतकथा व गाणीं यांच्या वह्यांतूनच. आणि आपले संग्राहक दप्तर सोडतांना बखर व सनद तेवढी उचलून नेमक्या याच वह्या मालकाच्या माळ्यावर टाकून येतात! दत्तकाचे कज्जे, वतनाचे महजर व निवाडपत्रें यांतही विधवा स्वतः वादी म्हणून उभ्या राहिलेल्या दिसतात. पुढें कोणास ‘स्त्रीधर्मपद्धती’ची प्रत अथवा असें एखादें बाड हातीं आल्यास पुष्पिका अवश्य उतरून घ्यावी, आणि लेखन कोणी केलें, कोणासाठीं केलें, स्त्रीचें नांव आहे कीं काय, हें सूचिपत्रांत नोंदवावें.