फ्रँकोच्याच सभागृहाने मोडली फ्रँकोची राजवट

‘ज्याच्या हाती सत्ता त्याचाच कायदा,’ असे आपल्या वस्तीतले तरुण वैतागून म्हणतात. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सनदशीर मार्ग सोडू नका असे बजावले, ते या तरुणांना आता भाबडे वाटते. त्यांच्यासाठी आज आम्ही स्पेनची हकिगत सांगत आहोत.

जनरल फ्रँकोने यादवी युद्ध जिंकून १९३९ साली स्पेन ताब्यात घेतला. विरोधी पक्षांवर बंदी, स्वतंत्र कामगार संघटनांवर बंदी. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरता येत नसे, बँकेत खाते उघडता येत नसे. ही अट गेली मे १९७५ मध्ये, फ्रँको मरण्याच्या जेमतेम सहा महिने आधी! हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले हे जाणणाऱ्या आमच्या भगिनींना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

फ्रँकोनंतर जुलै १९७६ मध्ये अडोल्फो सुआरेझ पंतप्रधान झाले. तेही त्याच राजवटीत वाढलेले. लोकांनी निवडलेली दोन सभागृहे असावीत, असा छोटासा कायदा त्यांनी फ्रँकोच्याच सभागृहापुढे ठेवला. म्हणजे सभासदांनी आपल्याच हाताने आपल्या खुर्च्या मोडायच्या. १८ नोव्हेंबर १९७६ रोजी ४२५ जणांनी बाजूने मत दिले, विरोधात अवघे ५९.

त्यांना एकाएकी सद्बुद्धी झाली, असे मात्र कोणी समजू नये. त्या वर्षी गावोगावी बेकायदा संप पेटले होते. व्हिटोरिया शहरात ३ मार्चला संपकरी कामगार सभेसाठी चर्चमध्ये जमले. पोलिसांनी आत अश्रुधूर सोडला, बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पाच कामगार मेले. सभागृहातल्या त्या ४२५ मतांमागे ही माणसेही होती, असे आम्ही मानतो.

१५ जून १९७७ ला निवडणूक झाली, १९३६ नंतरची पहिली खुली निवडणूक. ६ डिसेंबर १९७८ ला जनतेने नव्या संविधानाला कौल दिला. घटस्फोटाचा हक्क १९८१ साली मिळाला.

पण किंमत मोजावी लागली. ऑक्टोबर १९७७ च्या माफीच्या कायद्याने राजकीय कैदी सुटले, तसे छळ करणारे अधिकारीही सुटले. आपली माणसे बाहेर येणार म्हणून डाव्यांनीही त्याला मते दिली. व्हिटोरियाच्या पाच खुनांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. फ्रँकोच्या लोकांनी मारून रस्त्याकडेला पुरलेल्यांना शोधण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, असा कायदा व्हायला २०२२ साल उजाडले. त्यांची नातवंडे आता म्हातारी झाली. खोदकाम अजून चालू आहे.