नदी आधी, राजधानी नंतर

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: आठवीतला मुलगा सुट्टीत मनातल्या एका बेटाचा नकाशा काढतोय. त्यात राज्यं आहेत, बर्फातला किल्ला आहे, ड्रॅगनची गुहा आहे. पण नकाशा काही केल्या खरा वाटत नाही, अशी त्याची तक्रार आहे. जे बेट मुळात नाहीच, त्याला भूगोलाचे नियम कशाला लावायचे?

लावायचे, कारण खरी गंमत तिथेच आहे. गोष्टीत ड्रॅगन उडाला तरी आपण मान्य करतो. नदी चढ चढून गेली की मात्र डोळ्यांना खटकतं. का खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

किनाऱ्यापासून सुरुवात करू. नवशिक्याचा किनारा ओळखू येतो तो गुळगुळीत वळणांवरून. मनगट एका लयीत फिरतं आणि सगळ्या खाड्या एकाच मापाच्या होतात. हौशी मंडळींची यावर एक छान युक्ती आहे. कागदावर मूठभर तांदूळ टाकायचे, बोटांनी थोडे पसरायचे आणि ढिगाच्या कडेने पेन्सिल फिरवायची. मोठं भूशिर, त्याच्या अंगावर लहान भूशिरं, सुटे पडलेले दाणे म्हणजे बेटं. खरा किनाराही असाच असतो. जितकं जवळ जाल तितके नवे खाचखळगे दिसतात.

हे गणितात पकडलं लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. हवामानाचा अंदाज आकडेमोडीने बांधता येईल, हे पहिल्यांदा करून पाहणारे ते हेच. क्वेकर पंथाचे, युद्धाला कायम विरोध करणारे. दोन देशांमधली सीमा लांब असली तर युद्धं जास्त होतात का, हे तपासायला त्यांनी सीमांच्या लांब्या जमवल्या, तेव्हा स्पेन आणि पोर्तुगालची एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर तर दुसऱ्या ठिकाणी १,२१४ किलोमीटर लिहिलेली सापडली. चूक कोणाचीच नव्हती. मोजपट्टी जितकी आखूड, तितकी वळणं जास्त पकडली जातात आणि लांबी वाढते. रिचर्डसन १९५३ मध्ये गेले, हे काम छापलं गेलं १९६१ मध्ये. गणितज्ञ बेन्वा मँडलब्रो यांनी १९६७ च्या आपल्या लेखात ते उजेडात आणलं, पण अशा आकारांचं, म्हणजे फ्रॅक्टलचं, नाव निघालं की लोकांना आठवतात ते मँडलब्रोच.

भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ किलोमीटरवर गेल्याची बातमी अलीकडेच आपण वाचली. महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७ झाला. जमीन वीतभरही वाढलेली नाही. मोजणी अधिक बारकाव्याच्या नकाशावरून झाली, इतकंच.

आता नद्या. काल्पनिक नकाशे सर्वांत जास्त फसतात ते इथे. नदी समुद्राकडे जाताना फाटे फोडत जाते, नाहीतर एका किनाऱ्यावरून निघून सगळं बेट चिरत पलीकडच्या किनाऱ्याला लागते. खरं तर नद्यांचं जाळं म्हणजे आडवं पडलेलं झाड: खोड समुद्राकडे, फांद्या डोंगराकडे. प्रवाह खाली जाताना एकमेकांना मिळतात. तळ्यातही दहा ओढे आले तरी बाहेर पडणारा साधारणपणे एकच असतो. पाणी सर्वांत खालच्या कडेवरून सांडतं, सांडता सांडता ती कड आणखी झिजवतं, आणि दुसऱ्या वाटेला पाणीच उरत नाही.

‘नदी कधीच दुभंगत नाही’ असं शिकवलं जातं, तेही पूर्ण खरं नाही. मुखाजवळचे त्रिभुज प्रदेश आपल्याला ठाऊकच आहेत. पण व्हेनेझुएलात ओरिनोको नदीला मुखापासून कितीतरी दूर एक फाटा फुटतो, त्याचं नाव कासिकियारे. तो जाऊन मिळतो रिओ निग्रोला, म्हणजे थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात. दोन महाकाय खोरी एका प्रवाहाने जोडलेली! असं काही असणं शक्यच नाही, असं युरोपात ठामपणे सांगणारे भूगोलकार होते. १८०० मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट डासांचे ढग सोसत त्या पाण्यातून होडीने गेले आणि वाद मिटला. तिथला जलविभाजक इतका सपाट आहे की पाण्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. आपल्या बेटावरची नदी दुभंगायची असेल तर जरूर दुभंगावी, पण तिथली जमीन तशी सपाट दाखवावी.

आणि नदी जवळचाच समुद्र गाठते असंही नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते; अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर. तरी ती उलट दिशेने चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कल्पनेतून नकाशा काढणारा असं धाडस सहसा करणार नाही. निसर्गाने केलं, कारण पठाराचा उतारच पूर्वेकडे आहे.

सह्याद्री कागदावर कसा उतरवायचा, हे तर प्रत्येक नवशिक्याने करून पाहावं. सवयीने आपण त्रिकोणांची रांग काढतो, पण सह्याद्रीला ती शोभत नाही. कोकणातून तो भिंतीसारखा उभा दिसतो. देशावरून येताना मात्र घाट उतरायला लागेपर्यंत डोंगर आला हे बऱ्याच ठिकाणी कळतही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचं हे पठार आहे आणि आपण पाहतो ती त्याची तुटलेली कड. म्हणून आधी नागमोडी कड काढावी. मग फक्त पश्चिमेच्या बाजूला आखूड रेघा ओढाव्यात, वर पेन्सिल दाबून, खाली येताना हात सैल सोडत. कडा जिथे तुटलेला तिथे रेघा दाट, उतार सौम्य तिथे विरळ. पूर्वेला कागद कोराच ठेवावा. इतकं केलं की कड कागदातून वर उठते.

डोंगर झाला की पावसाळी वाऱ्याचा एक बाण काढावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला हजारही गाठत नाही. जंगल कुठे आणि माळरान कुठे, ते हा एक बाण ठरवतो. शहरांची पाळी त्यानंतर: कऱ्हाड कृष्णा-कोयनेच्या संगमावर आहे, चिपळूण कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. राजधानी आधी काढून मग तिच्यासाठी नदी वळवणं म्हणजे उलटा कारभार.

असा उलटा कारभार नामवंतांनीही केला आहे. बंगालचे सर्व्हेअर जनरल राहिलेले जेम्स रेनेल हे त्यांच्या काळातले अव्वल नकाशाकार. नायजर नदी दक्षिणेला वळत नाही अशी त्यांची समजूत होती. म्हणून १७९८ मध्ये त्यांनी पश्चिम आफ्रिकेत तिच्या दक्षिणेला ‘काँग’ नावाची डोंगररांग आडवी घातली. मंगो पार्क या प्रवाशाने दूरवर डोंगर पाहिल्याचं सांगितलं होतं, एवढाच आधार. ही रांग जवळपास शतकभर नकाशांत छापली जात राहिली. लुई-गुस्ताव्ह बँजे हा फ्रेंच अधिकारी १८८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे जाऊन आला, तेव्हा कळलं की अशी डोंगररांग नाहीच.

याच्या अगदी उलट गोष्ट मेरी थार्प यांची, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. थार्प भूशास्त्र आणि गणित शिकलेल्या, वडील मातीचे सर्वेक्षक. न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट वेधशाळेत त्या नोकरीला होत्या. संशोधन जहाजावर बायकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे समुद्राच्या खोलीची मापं त्यांचे सहकारी भूशास्त्रज्ञ ब्रूस हीझन आणि इतर पुरुष आणायचे आणि थार्प ती टेबलावर मांडायच्या. १९५२ मध्ये अटलांटिकचे सहा आडवे छेद एकाखाली एक काढताना त्यांना दिसलं की मधल्या डोंगररांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खोल खाच आहे. जमीन तिथे फाटत असावी, असं त्या म्हणाल्या. हीझन यांनी ते बायकी बोलणं म्हणून उडवून लावलं, कारण त्यातून खंड सरकतात असा अर्थ निघत होता आणि तेव्हा ते म्हणणं वेडेपणाचं मानलं जाई. पुढे शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर हे सहकारी भूकंपांची केंद्रं मांडत होते. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, तर भूकंप नेमके त्या खाचेत! १९५६ मध्ये शोध जाहीर झाला तो वेधशाळेचे संचालक मॉरिस यूइंग आणि हीझन यांच्या नावावर. थार्प यांना अनेक वर्षं ‘नकाशे काढणारी बाई’ म्हणूनच ओळखलं गेलं. मला याचा राग येतो, कारण तो शोध लागला तोच नकाशा काढताना.

आणखी एक गोष्ट पाहा. खोलीच्या समोच्चरेषांचे नकाशे अमेरिकी नौदलाने गोपनीय ठरवले होते. म्हणून थार्प आणि हीझन यांनी समुद्रतळ विमानातून तिरका पाहावा तसा रेखाटला: डोंगर उभे, दऱ्या छायांकित, उंची मुद्दाम वाढवलेली. काल्पनिक राज्यांच्या नकाशांची शैली हीच तर आहे! हिंदी महासागराचा नकाशाही याच जोडीने केला. ऑस्ट्रियन चित्रकार हाइनरिख बेरान यांनी त्याचं चित्र रंगवलं आणि ते १९६७ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आलं. अरबी समुद्राच्या तळाची कार्ल्सबर्ग डोंगररांग त्यात दिसते. आपल्या गोव्यातली, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हिंदी महासागराच्या त्याच काळातल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतून १९६६ मध्ये उभी राहिली.

आता बटण दाबलं की अख्खा खंड काढून देणारी सॉफ्टवेअरं आहेत. चित्रं देखणी येतात. पण प्रत्येक रेघेला ‘इथे उतार कुठल्या बाजूला?’ असं विचारावं लागतं ते हाताने काढतानाच. शिकणाऱ्याने निदान पहिले काही नकाशे तरी पेन्सिलीनेच काढावेत.

मापंच नव्हती अशा जागेवर थार्प यांनी नकाशाची सूची बसवली होती. मुलानेही तेच करावं: जो कोपरा सुचलेला नाही तिथे चौकट काढून चिन्हं, प्रमाण आणि वाऱ्याची दिशा लिहावी. नावांची जागा पेन्सिलीने आधीच राखून ठेवावी, नाहीतर नद्यांच्या रेघा अक्षरांवरून जातात. शाई सर्वांत शेवटी: आधी किनारा, मग नद्या, मग कडे.