आपले काम आपल्या हाताने

आमच्या शेजारच्या वहिनींचा थोरला मुलगा तीस वर्षांचा आहे. धट्टाकट्टा आहे, पण समज लहानपणापासून कमी. लोक त्याला वेडा म्हणत. हे वेड नव्हे. शिकायला त्याला वेळ लागतो, आणि काही गोष्टी जन्मभर अवघड जातात. २०१६ सालच्या कायद्यात ही बौद्धिक दिव्यांगता धरली आहे.

आम्ही हेडमास्तर असताना वहिनी त्याला शाळेत घेऊन आल्या होत्या. "याला काही यायचे नाही," असे म्हणून आम्ही परत पाठवले. ती आमची चूक.

मग वहिनीच त्याचे सगळे करीत. बटणे लावायची, चहा बशीत ओतून द्यायचा. एकदा त्या तापाने पडल्या. मुलगा दुपारपर्यंत उपाशी बसून राहिला. वहिनी रडून म्हणाल्या, "मास्तर, मी गेल्यावर ह्याचं कसं व्हायचं?"

तालुक्याला अशा मुलांची शाळा आहे. तिथल्या बाईंनी युक्ती सांगितली. सकाळच्या सहा कामांचे सहा फोटो काढले. दात घासताना, सदरा घालताना, चहा करताना, असे. फोटो त्याचेच, दुसऱ्याचे नाहीत. ते पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीवर ओळीने टांगले. एक काम झाले की तो पुठ्ठा उलटा करायचा. पुढचे काम आईने सांगायला नको. आपणही बाजाराची यादी नेतोच की!

शिकवायचे शेवटाकडून. सदऱ्याची वरची बटणे वहिनी लावीत, शेवटचे तो. ते जमले की शेवटची दोन. चहाला तर पाच महिने लागले. गॅसपाशी वहिनी रोज उभ्या राहत.

फोनवर आईचा, काकांचा आणि आमचा फोटो आहे. फोटोवर बोट ठेवले की फोन लागतो, आकडे यायला नकोत. त्याला फिटची गोळी असते. रात्री आठला फोनमधून आईचाच आवाज येतो, "बाळा, गोळी घे." डबीला सात खण, दर वाराला एक. दर रविवारी वहिनी ती भरतात.

पैशांचे अजून नीट जमत नाही. दहाची जुनी नोट चालते, नवीही चालते, पण रंग वेगळे! म्हणून पाकिटात कार्ड ठेवले आहे. वर साखरेच्या पुड्याचे चित्र, खाली नोटेचे. नोट जुळवून द्यायची. एकदा दुकानदाराने मोड दिलीच नाही. वहिनी जाऊन भांडल्या.

हे सगळे घरच्या घरी होते. शिवाय सरकारी मदतही आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दाखला घ्यावा. घरचे उत्पन्न पाहून एडिप योजनेत शिकण्याच्या साहित्याचा संच मिळतो. सिकंदराबादला १९८४ सालापासून केंद्र सरकारची संस्था याच कामासाठी आहे. निरामय नावाची विमा योजना आहे, तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत औषधोपचाराचा खर्च मिळतो.

परवा वहिनी पहाटेच लग्नाला गेल्या. आम्ही सकाळी डोकावलो. पाच पुठ्ठे उलटे होते. चहाचा तेवढा बाकी होता, कारण दूध आले नव्हते. तो काकांच्या फोटोवर बोट ठेवून फोन लागायची वाट बघत होता.