स्वयंपाकघर नव्यानं, भाग ७ : आधी यंत्र, मग खण

गेल्या आठवड्यात आपण ओट्याची उंची आणि चिमणीची जागा ठरवली. आज बिल्ट-इन मायक्रोवेव्हकडे वळू. ही वस्तू दुकानात उपकरण म्हणून घेतली जाते आणि घरात आली की फर्निचर होऊन बसते. निवड करताना होणाऱ्या बहुतेक चुका या एवढ्या फरकातून होतात.

माझी चूक आधी सांगते. नऊ वर्षांपूर्वी आमच्या स्वयंपाकघराचं काम झालं. टॉल युनिट, म्हणजे उंच कपाट, उभं राहिलं, सनमायका चढला, भिंतीला टाइल्स लागल्या आणि शेवटी मायक्रोवेव्ह घरी आला. दोघांनी मिळून तो खणात सरकवला आणि तीन बोटं बाहेर असतानाच तो अडला. बाहेर काढून आत टॉर्च मारला. सोळा ॲम्पिअरचा पॉइंट बरोब्बर खणाच्या मागे, मधोमध काढलेला होता. त्यात प्लग बसवला की प्लगची जाडी आणि वायरचं वळण मिळून पाचेक सेंटिमीटर खोली तिथंच संपत होती. सुतार म्हणाला, "ताई, मशिन बरोबर आहे, खण पण मापात आहे. पॉइंट चुकलाय." नव्या कोऱ्या टाइल्स फोडून तो पॉइंट शेजारच्या कपाटात न्यावा लागला.

टेबलावरचा मायक्रोवेव्ह गैरसोयीचा वाटला तर उचलून दुसरीकडे ठेवता येतो. खणातला चुकला की लाकूड कापावं लागतं किंवा भिंत फोडावी लागते. म्हणून आजच्या भागाचं सगळं सार एका क्रमात आहे : आधी मॉडेल ठरवा, त्याच्या माहितीपत्रकातला बसवणीचा नकाशा हातात घ्या, तो इलेक्ट्रिशियनला आणि सुताराला द्या, आणि मगच प्लाय कापू द्या. आपल्याकडे बहुधा उलट होतं. खण आधी तयार होतो आणि मग त्यात बसेल असं यंत्र शोधत आपण दुकानं पालथी घालतो.

घरात रोज काय होतं?

मायक्रोवेव्हचे तीन मुख्य प्रकार आहेत. सोलो फक्त गरम करतो आणि शिजवतो. ग्रिलवाल्यात वरून आच देणारी कॉइल असते. कन्व्हेक्शनमध्ये हीटर आणि पंखा असतो, त्यामुळे त्यात केक आणि नानकटाईही भाजता येते. दुकानात साहजिकच तिसऱ्याकडे बोट दाखवलं जातं. त्याआधी एक आठवडा फ्रिजवर कागद चिकटवा आणि मायक्रोवेव्ह असता तर तो कशाकशाला लागला असता ते लिहा. दूध, कालची आमटी, भात, बटाटे उकडणं, पापड भाजणं एवढंच निघालं, तर सोलो पुरेसा आहे. महिन्यातून दोनदा तरी काही भाजलं जाणार असेल, तरच कन्व्हेक्शनचे जास्तीचे पैसे वसूल होतील.

लिटरच्या आकड्यापेक्षा आतली फिरती थाळी पाहा. वीस लिटरच्या अनेक मॉडेलांत ती साडेचोवीस सेंटिमीटरच्या आसपास असते, मोठ्या मॉडेलांत साडेएकतीसपर्यंत जाते. आपली स्टीलची पातेली इथं चालत नाहीत, काचेची भांडी लागतात आणि त्यांना कान असतात. भांडं थाळीवर बसतं, पण फिरताना कान आतल्या भिंतीला घासतो आणि थाळी अडते. म्हणून घरातला सर्वांत मोठा काचेचा बाऊल एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजून घ्या. शक्य असेल तर तो पिशवीत घालून सरळ दुकानात न्या आणि आत ठेवून फिरतो का ते पाहा.

आणखी एक गोष्ट विचारा : इन्व्हर्टर आहे का? साध्या यंत्रात पन्नास टक्के शक्ती लावली तरी आतला मॅग्नेट्रॉन चालतो पूर्ण जोरानं. फक्त काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, असं चक्र सुरू राहतं. इन्व्हर्टरवाला खरोखर कमी शक्ती देतो, तीही सलग. फ्रीजरमधलं ओलं खोबरं काढलंत तर हा फरक लगेच कळतो. साध्या यंत्रात कडेचं खोबरं गरम होऊन तेल सोडू लागतं तरी मधला गोळा बर्फासारखाच राहतो.

आठशे वॉटचीच गोष्ट नाही

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'आठशे वॉट' असं लिहिलेलं असतं. तो अन्नापर्यंत पोचणाऱ्या शक्तीचा आकडा आहे. यंत्र विजेच्या तारेतून घेतं त्याहून बरंच जास्त : सोलोसाठी साधारण १२०० ते १४०० वॉट, कन्व्हेक्शन चालू असताना त्याहूनही अधिक. आपल्या घरातला सहा ॲम्पिअरचा साधा पॉइंट २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट पेलतो. म्हणजे सोलोसुद्धा त्याच्या टोकाला जाऊन टेकतो. सोळा ॲम्पिअरच्या पॉइंटला ३६८० वॉटची मुभा असते. म्हणून पॉइंट सोळाचाच हवा, अर्थिंग तपासलेलं हवं, आणि त्याच तारेवर मिक्सर किंवा गीझर जोडलेला नको.

हा पॉइंट कुठं असावा? खणाच्या मागे नाही. शेजारच्या किंवा वरच्या कपाटात, दार उघडलं की हात पोचेल अशा जागी. दुरुस्तीला माणूस आला की यंत्र बाहेर न ओढता वीज तोडता येते. कधी खणातून जळका वास आला, तर याचं मोल तुम्हाला त्याच क्षणी कळेल.

उरलेली उष्णता जाते कुठे?

यंत्र तारेतून १२५० वॉट घेतं आणि अन्नाला ८०० देतं. मग मधले ४५० वॉट कुठं जातात? त्यांची उष्णता होते आणि आतला पंखा ती बाहेर ढकलतो. या उष्णतेसाठी बिल्ट-इन यंत्रात हवेची वाट खणात बसल्यावरही मोकळी राहील अशी आखलेली असते. टेबलावरच्या यंत्राला तशी सोय नसते. त्याला वर, मागे आणि बाजूला मोकळी जागा लागते आणि किती, ते त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते घट्ट खणात कोंबलं, तर त्यानं बाहेर टाकलेली गरम हवा तेच पुन्हा आत ओढतं. यंत्र मधेच बंद पडू लागतं, कडेचा सनमायका सुटू लागतो, आणि पुस्तिकेप्रमाणे बसवलं नाही म्हणून दुरुस्तीची हमी नाकारली जाऊ शकते. काही मॉडेलांना त्याच कंपनीची बाहेरची चौकट मिळते. ती असेल तरच टेबलावरचं मॉडेल खणात घालायचा विचार करा.

खणाची पाठ बंद करू नका आणि नकाशात दाखवलेली फट बुजवू नका. सुताराला पाठ उघडी ठेवणं अपुरं काम वाटतं, तो प्रेमानं तिथं प्लाय ठोकून देतो. त्याला आधीच सांगा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत खणाच्या प्लायच्या उघड्या कडांना वाफ लागते आणि त्या फुगतात. म्हणून कडा पट्टीनं नीट बंद करून घ्या आणि प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्रतीचाच वापरा. झुरळांनाही उबदार जागा आवडते. तारा जाणारी भोकं तारेपुरतीच ठेवा.

सुताराच्या चार सुतांचं गणित

आता मापं. पूर्ण आकाराच्या अनेक मॉडेलांच्या खणाची रुंदी ५६० ते ५६८ मिलिमीटर मागितलेली असते. उंची साधारण ३८० आणि खोली ५५० असते. ओव्हनसारखी कॉम्पॅक्ट यंत्रं ४५० उंचीचा खण मागतात. भिंतीवरच्या कपाटात बसणारी उथळ मॉडेलंही मिळतात आणि त्यांना ३०० खोली पुरते. आपल्याकडची वरची कपाटं साधारण तेवढीच खोल असतात.

आता ही रुंदी घरच्या कपाटाशी ताडून पाहा. टॉल युनिट बाहेरून ६०० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरचा प्लाय, म्हणजे आत ५६४ उरले. आतून दोन्हीकडे एकेक मिलिमीटरचं लॅमिनेट लावलं की ५६२. अजूनही मर्यादेत आहे. पण सुतारानं १९ चा प्लाय आणला, तर लॅमिनेटनंतर बरोबर ५६० उरतात आणि चुकीला जागाच राहत नाही. कोणी मजबुतीसाठी २५ चा प्लाय लावला, तर लॅमिनेटनंतर आत ५४८ उरतात आणि यंत्र आत जाणारच नाही. सुतार म्हणेल, "ताई, चारच सूत कमी पडतंय." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. इथं चार सूत कमी पडणं म्हणजे यंत्र दारातच उभं राहणं.

म्हणून प्लाय कापण्याआधी त्याची जाडी स्वतः मोजा. खण तयार झाला की दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच खण गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. यंत्राची पुढची चौकट खणापेक्षा थोडी रुंद असते, सुमारे ५९५, आणि ती कडा झाकते. त्यामुळे शेजारच्या कपाटाचं दार तिला घासणार नाही एवढी फट ठेवायला विसरू नका.

कोपराच्या उंचीवर

खणाची उंची हा या सगळ्यातला सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग आहे. छायाचित्रांतल्या स्वयंपाकघरात खाली ओव्हन आणि वर मायक्रोवेव्ह दिसतो. बघायला ते सुरेख वाटतं. आता आकडे पाहा. पाच फूट उंचीच्या, म्हणजे १५२ सेंटिमीटरच्या बाईचं कोपर जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर येतं आणि खांदा सुमारे १२५ वर. ओव्हनचा तळ ७५ वर ठेवला आणि तो ६० उंच असला, तर मायक्रोवेव्हचा तळ १३५ वर जातो, म्हणजे तिच्या खांद्याच्याही वर. उकळती आमटी ती डोळ्यांसमोरून खाली उतरवणार. सांडली तर गळ्यावर, छातीवर सांडेल.

ओव्हन जमिनीपासून चाळीसवर घेतला, खाली एक उथळ खण ठेवला, तर मायक्रोवेव्हचा तळ शंभरच्या आसपास येतो. ओव्हनसाठी थोडं वाकावं लागेल, पण तो आठवड्यातून एकदा उघडतो. मायक्रोवेव्ह दिवसातून आठदा उघडतो. घरातली जी व्यक्ती तो सर्वांत जास्त वापरते, तिला चपला काढून उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि त्या रेषेवर पेन्सिलीनं खूण करा. खणाचा तळ त्याच्या आसपास असू द्या. आमच्याकडे ही खूण सासूबाईंच्या मापानं केली. सकाळी साडेपाचला दूध त्याच गरम करतात.

दाराची दिशाही बघा. बहुतेक दारं डावीकडे बिजागरी असलेली, म्हणजे डावीकडे उघडणारी असतात. म्हणून गरम भांडं ठेवायची जागा उजवीकडे हवी. डावीकडे लगेच भिंत असेल तर दार पूर्ण उघडत नाही आणि थाळी धुवायला बाहेरच येत नाही. जवळ ओटा नसेल तर खणाच्या खाली एक सरकती फळी करून घ्या. कमी खर्चात होते आणि रोज उपयोगी पडते.

बिल्ट-इन नकोच असेल तर

घर भाड्याचं असेल, दोन-चार वर्षांत हलायचं असेल, किंवा रोजचं काम फक्त दूध आणि आमटी गरम करण्याचं असेल, तर मी बिल्ट-इन सुचवणार नाही. तेवढ्याच क्षमतेचं टेबलावरचं यंत्र स्वस्तात मिळतं आणि घर बदलताना बरोबर नेता येतं. त्याच्यासाठी कोपराच्या उंचीवर तिन्ही बाजूंनी मोकळी, मजबूत फळी करून द्या. तेही चांगलं स्वयंपाकघर आहे.

बिल्ट-इन घ्यायचंच ठरलं, तर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा : यंत्र कधीतरी बदलावं लागतं, प्लाय मात्र कितीतरी वर्षं टिकतो. खण एखाद्या अनोख्या मॉडेलच्या मापानं करू नका. बाजारात अनेक कंपन्या जे माप धरतात, तेच धरा.

गेल्या दिवाळीआधी आमचं ते पहिलं यंत्र बंद पडलं. नवं दुसऱ्या कंपनीचं आलं. शेजारच्या कपाटात हात घालून जुना प्लग काढला, यंत्र बाहेर ओढलं, आतली धूळ पुसली आणि नवं आत सरकवलं. ते कुठंही न अडता चौकटीला टेकलं. टाइल्स फोडायला लावणाऱ्या त्या पहिल्या पॉइंटची जागा अजून खणाच्या मागे झाकण लावून आहे. नकाशा आधी हातात असता, तर त्या झाकणाची गरज पडली नसती. तुमच्या घरी ते झाकण लागू नये, म्हणून हा भाग लिहिला.

पुढच्या आठवड्यात : सिंक आणि त्याखालचं कपाट, म्हणजे पाणी, पाइप आणि ओलावा यांच्याशी प्लायची रोजची गाठ.