दैवतांचे अर्थ : शिंगणापूर, पाल आणि औदुंबर

ब्रह्मा, विष्णू आणि महेश म्हणजे उत्पत्ती, स्थिती आणि लय, ही व्याख्या आपणांस परिचित असेलच. परंतु सातारा-सांगलीच्या परिसरात ती पहिल्याच डोंगरावर अपुरी पडते.

माण तालुक्यातील शिखर शिंगणापूरचा शंभूमहादेव भक्तांच्या मनात संहारक म्हणून नव्हे, तर नवरदेव म्हणून वसलेला आहे. चैत्रातील यात्रेत त्याचे पार्वतीशी लग्न लागते आणि सासवडहून निघालेली पाण्याची कावड मुंगी घाटाची खडी चढण चढून त्याच्यापर्यंत पोहोचते. माण हा दुष्काळी मुलूख. अशा ठिकाणी देवाला पाणीच का आणले जाते, याचा आपण विचार करावा.

कऱ्हाड तालुक्यात तारळी नदीकाठी पाल येथे खंडोबा-म्हाळसेचा विवाह पौषात होतो. खंडोबा हा मणी-मल्लांना मारणारा शिवाचा अवतार मानला जातो. लोकपरंपरेत मात्र त्याची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, तर दुसरी पत्नी बाणाई धनगराची. म्हणजे वाण्याची पेठ आणि मेंढपाळांचे रान, दोन्ही देवाची सासरवाडीच! पुराणातील दैवताला समाज आपल्या सोयरिकीत कसे ओढून घेतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या औदुंबरला ग्रंथातील अर्थ बराचसा टिकून आहे. तिन्ही देव दत्तरूपात एकवटतात. तरीही तेथे पूजा होते ती नृसिंहसरस्वतींच्या पादुकांची.

आपल्या गावच्या दैवताची सोयरीक कोणाशी जोडली गेली आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून स्वाध्याय-वहीत नोंदवा.