मेरुरज्जूचा आघात आणि मनाची उभारी

२९ मे १९६५ रोजी हरिपालसिंग अहलुवालिया हे भारतीय सेनेतील अधिकारी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. त्याच वर्षी पाकिस्तानशी झालेल्या युद्धात त्यांना गोळी लागली, मेरुरज्जूस इजा झाली आणि त्यांचे पुढील आयुष्य चाकांच्या खुर्चीत गेले. हे आयुष्य थोडेथोडके नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये ते निवर्तले. दिल्लीतील वसंत कुंज येथे अशाच रुग्णांसाठी उभारलेल्या इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर ह्या रुग्णालयाचे ते संस्थापक होत.

अशा माणसाच्या बाबतीत ‘दुर्दम्य इच्छाशक्ती’ असे म्हणून आपण मोकळे होतो. त्या शब्दाने उलगडा मात्र काहीच होत नाही. खचलेले मन पुन्हा उभारी कशी धरते, हे समजून घेण्यासाठी प्रथम शरीराकडे पाहावे लागते.

मेरुरज्जू हा मणक्यांच्या पोकळीतून जाणारा, करंगळीएवढ्या जाडीचा मज्जातंतूंचा जुडगा आहे. मेंदूच्या आज्ञा त्यातून खाली जातात आणि त्वचेच्या संवेदना वर येतात. हाताच्या बोटातील तुटलेला मज्जातंतू हळूहळू पुन्हा वाढू शकतो. मेरुरज्जूतील तंतूंना ते सहसा साधत नाही. आघात मानेत झाला तर हातपाय दोन्ही दुर्बळ होतात. पाठीत झाला तर पाय. मलमूत्रावरील ताबाही बहुधा जातो. संवेदना गेल्यामुळे होणारा अपाय तर लक्षातही येत नाही. निरोगी मनुष्य बसल्या जागी नकळत कूस बदलतो, कारण त्वचा दुखू लागते. ज्यास दुखतच नाही तो तसाच पडून राहतो. दाबाखालील त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो आणि शय्याव्रण होतो. दुसरीकडे तुंबलेल्या मूत्रातून जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचतात. पूर्वी असे बहुतेक रुग्ण ह्या दोन कारणांनी दगावत. ज्याच्या मरणाची सर्वजण वाट पाहत आहेत, त्याला धीर धरावयास सांगणे व्यर्थच होते.

हे चित्र पालटण्यात लुडविग गुटमान ह्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. नाझी राजवटीतून निसटून ते इंग्लंडला आले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे त्यांनी मेरुरज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावयाची, मूत्राशयाची निगा कसोशीने राखावयाची, आणि प्रकृती सावरताच त्यास कामाला लावावयाचे, असा त्यांचा क्रम होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीतील १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेच. अहलुवालियांवर उपचार झाले ते ह्याच रुग्णालयात. पुढे दिल्लीत त्यांनी काय उभारले, ह्याचे मर्म येथे सापडते.

आता मनाविषयी. १९७८ साली अमेरिकेत एक छोटी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत अपघाताने पंगू झालेल्या २९ जणांस आपल्या सुखाचे मोजमाप करावयास सांगितले होते. त्यांचे उत्तर इतरांपेक्षा खाली होते, पण लोकांची समजूत असते तितके खाली नव्हते. मोजपट्टीच्या मध्याच्या ते किंचित वरच होते. १९९९ मधील दुसऱ्या एका अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपले जीवन चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. निरोगी माणसाचा अंदाज चुकतो, कारण तो पंगू होण्याचा पहिला दिवस डोळ्यांपुढे आणतो. दहाव्या वर्षातील एखादी साधी दुपार त्याला दिसत नाही. त्या दुपारी मनात खुर्ची नसते. मुलाची परीक्षा असते, उकाडा असतो, राहिलेले काम असते. चष्मा लावणाऱ्यास चष्म्याचा विसर पडतो, तसेच काहीसे हे आहे.

तथापि हा विसर आपोआप पडतो असे मानू नये. नंतरच्या दीर्घ पाहण्यांत असे आढळले की, मोठ्या अपंगत्वानंतर अनेकांचे समाधान पूर्वीच्या पातळीवर परत येत नाही. मेरुरज्जूच्या रुग्णांपैकी सुमारे पाचांतील एकास विषण्णतेचा विकार जडतो. त्यावर औषध आणि मानसोपचार आहेत. ‘हसतमुख राहा’ हा नातलगांचा उपदेश मात्र अशा वेळी जाचच ठरतो, कारण दुःख बोलून दाखविण्याची वाटही त्याने बंद होते.

मग उपयोगी काय पडते? सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात असताना त्याच १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. एक गोळी कण्यात राहिली. त्यापूर्वी ते मुष्टियोद्धे होते. तो खेळ संपला. ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी पॅरालिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. पाण्यात शरीराचा भार पाण्यावर असतो, आणि बलवान खांदे व हात पायांची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. जे उरले आहे त्यास साजेसे काम त्यांना सापडले.

सर्वांनाच पदक मिळणार नाही, आणि त्याची जरूरीही नाही. मेरुरज्जूच्या रुग्णाचे पहिले पाठ फार साधे असतात: दोन्ही हातांवर भार देऊन थोडा वेळ खुर्चीतून वर उचलून राहणे, खाटेवरून खुर्चीत स्वतः सरकणे, आरशात पाहून त्वचा तपासणे. अनेक केंद्रांत हे पाठ देण्यासाठी खुर्चीत काही वर्षे काढलेला जुना रुग्णही येतो. नवा रुग्ण त्याला डॉक्टरांना न विचारलेले प्रश्न विचारतो: लग्न होईल का, नोकरी टिकेल का, घराचा उंबरठा कसा ओलांडावयाचा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गवंडी देऊ शकतो. बाराला एक ह्या चढाची उतरंड बांधली की खुर्ची उंबरठ्यावरून जाते.